नाडी, पट्टा आणि घोडा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उसाचं बिल जमा झालं की पैशाला फुटणाऱ्या वाटा ठरलेल्या असतात. आधी ट्रॅक्टरचा हप्ता, मग बंगल्याचा वरचा मजला, मग पांढरी मोठी गाडी. हे सगळं झालं, सोसायटीही निल झाली, आणि तरी चारचौघांत म्हणावा तसा मान मिळत नाही असं वाटायला लागलं, की माणूस शस्त्र परवान्याचा अर्ज करतो. अर्जाला कारण लागतं. ‘जिवाला धोका’ असं लिहिलं की चौकशीला आलेला हवालदार विचारतो, धोका कुणापासून? खरं उत्तर असतं ‘भावकीपासून’. पण ते देता येत नाही, कारण ज्यांच्यापासून धोका आहे तेच शेजारच्या खुर्चीत बसून हवालदारांना चहाचा आग्रह करत असतात.

मग तो कागद ठाण्यातून अधीक्षकांकडे, तिथून जिल्हाधिकारी कचेरीत, असा फिरत राहतो. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, पुण्याचे हेलपाटे. एवढं झाल्यावर परवाना हातात पडतो आणि माणूस दुकानात जातो. पिस्तूल बघताना त्याचा सगळा दिवस जातो. नळी बघतो, मूठ बघतो, वजन तोलतो, दोन जाणकारांना फोन लावतो. पैसे देऊन झाले, की निघता निघता म्हणतो, “आणि एक पाकीट पण द्या ह्याला.” दुकानदार विचारतो, कसलं? तर म्हणतो, “द्या कुठलंबी.”

माझी तक्रार या ‘कुठलंबी’वर आहे. पिस्तूल बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही उडत नाही, ही देवाची कृपा. होल्स्टर मात्र रोज कंबरेला असतं. उठताना, बसताना, गाडीत चढताना, पंगतीत मांडी घालताना ते आणि आपण एकत्र असतो. ज्याच्याशी रोजचा संसार, त्याची निवड एका शब्दात.

सरकारनं मात्र या पाकिटाचा विचार केलेला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतला ३२ वा नियम सांगतो की पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर सार्वजनिक ठिकाणी न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर ताबा असला पाहिजे. ते काढून मिरवायला तर सक्त मनाई. दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांनी हे शुद्ध मनानं लिहिलं असणार. पण आमच्याकडे त्यामुळे मोठीच अडचण झाली. पिस्तूल घ्यायचं ते लोकांना कळावं म्हणून, आणि बाळगायचं ते कुणाला दिसू नये असं! या पेचातून आमच्या लोकांनी काढलेली वाट म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. नियमाप्रमाणे पिस्तूल पूर्ण झाकलेलं असतं. एप्रिलमधल्या लग्नात मंगल कार्यालयाचे पंखे बंद पडले की घामानं तो शर्ट पाठीला आणि कंबरेला चिकटतो, आणि पिस्तुलाचं मॉडेलसुद्धा वाचता येतं. नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही. शर्ट घातलेला आहे.

आमचे दाजी निमगाव केतकीच्या बाजूला डाळिंब करतात. त्यांचं पिस्तूल हौसेचं नाही, वारशाचं आहे. वडिलांच्या नावावरचं ३२ बोअरचं वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमचं, १९०८ च्या मॉडेलचं. हेच मॉडेल १९११ साली लंडनच्या पोलिसांनी घेतलं होतं. दाजी हे पाहुण्यांना अशा सुरात सांगतात, की लंडनच्या पोलिसांनी वापरून झाल्यावर ते सरळ निमगावला पाठवलं असावं असं ऐकणाऱ्याला वाटतं. परवानेवाल्यानं सत्तरी गाठली, किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, की ते हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं, अशी नियमांत सोय आहे. दाजींच्या घरात जमिनीची वाटणी अजून व्हायची आहे, विहिरीच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात बोलणं बंद होतं. पिस्तूल मात्र बिनबोभाट नावावर झालं. धाकट्या भावाला ते नकोच होतं. त्याला बांधावरची आंब्याची दोन झाडं हवी होती, आणि ती त्यानं घेतली.

पिस्तुलाबरोबर वडिलांच्या वेळचं होल्स्टरही आलं. झाकणाचं, बटणाचं, जुन्या फौजी पद्धतीचं. पोलीस अधिकारी संचलनात खांद्यावरून आडवा पट्टा घालतात ना, त्याला सॅम ब्राऊन म्हणतात. हा सॅम्युअल ब्राऊन हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेतला घोडदळाचा अधिकारी. १८५८ मध्ये लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हातानं म्यान सावरायचं का तलवार उपसायची, या अडचणीतून त्यानं खांद्यावरून जाणारा पट्टा काढला, आणि दोन्ही हात शाबूत असलेले अधिकारीही तो वापरायला लागले. दाजींच्या वडिलांचं होल्स्टर त्याच घराण्यातलं. भक्कम, सुरक्षित, आणि इतकं सावकाश उघडणारं, की समोरचा चोर तेवढ्या वेळात पाणी पिऊन, घरातल्यांची ख्यालीखुशाली विचारून परत जाईल.

पण चामड्यालाही वय असतं. साठ वर्षांत ते होल्स्टर पार मऊ पडलं होतं, आणि पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटून आत वळत होतं. दाजींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी ते एकदा हातात घेतलं, वळलेल्या कडेत बोट घातलं आणि विचारलं, “दाजी, पिस्तूल परत आत घालताना ही घडी कुठं जाती माहितीय का?”

“कुठं जाती?”

“चापावर.”

इथं थोडं यंत्राचं बोलावं लागेल. दाजींचं पिस्तूल सिंगल ॲक्शन. म्हणजे चाप ओढल्यावर त्यात एकच गोष्ट होते: आधीच मागे ताणून ठेवलेला घोडा सुटतो. घोडा ताणायचं काम चाप करत नाही, ते स्लाइड मागे ओढताना किंवा अंगठ्यानं आधीच करून ठेवावं लागतं. डबल ॲक्शनमध्ये दोन्ही कामं चापच करतो. त्यामुळे तो लांब आणि जड ओढावा लागतो, आणि तेवढ्या वेळात बोटाला पश्चात्ताप करायला सवड मिळते. सिंगल ॲक्शनचा चाप हलका, ओढ आखूड. चेंबरमध्ये गोळी, घोडा ताणलेला आणि वर नुसता एक खटका, अशा अवस्थेतलं पिस्तूल म्हणजे उंदरासाठी लावून ठेवलेला सापळा. तो फडताळाखाली सरकवून ठेवायची वस्तू आहे, कंबरेला खोचायची नाही.

अमेरिकेत लोक खोचतात. त्यांचं कोल्ट १९११ नावाचं प्रसिद्ध पिस्तूल आहे, तेही सिंगल ॲक्शन. तिकडचे जाणते लोक ते घोडा ताणून आणि खटका लावूनच बाळगतात. पण त्या पिस्तुलाला मुठीच्या मागे आणखी एक खटका असतो, हातानं मूठ नीट आवळल्याशिवाय तो सोडत नाही. शिवाय चांगल्या होल्स्टरला एक छोटी पट्टी असते, ती ताणलेल्या घोड्याच्या पुढून आडवी जाते. खटका चुकून निघाला आणि घोडा सुटला, तरी तो चामड्यावर आपटावा म्हणून. त्याच्याही आधीचं, १८७३ चं कोल्ट रिव्हॉल्व्हर, काऊबॉयच्या सिनेमात असतं ते, सहा गोळ्यांचं. पण शहाणा काऊबॉय त्यात पाचच भरायचा आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा. नाही तर घोड्यावरून उतरताना रिव्हॉल्व्हर पडलं, की सहावी गोळी स्वतःच निर्णय घ्यायची. सिनेमात हे दाखवत नाहीत. पाच गोळ्या आणि सावधपणा यांवर तिकीट खपत नाही.

आमच्या सिनेमात तर पिस्तुलाची गरजच पडली नाही. निळू फुल्यांनी नुसतं धोतराचा सोगा धरून बघितलं तरी अख्खं थिएटर खुर्चीत मागे सरकायचं. तो काळ गेला.

“होल्स्टर कशाला, खोचलं की झालं” असा एक मोठा पंथ आमच्याकडे आहे. या पंथाला मी दोन गोष्टी सांगतो. पहिली परदेशातली. प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकी फुटबॉलमधला मोठा खेळाडू. २००८ च्या फेब्रुवारीत त्यानं आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून देणारा झेल घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका क्लबात त्याच्या विजारीत खोचलेलं पिस्तूल पायावरून घसरायला लागलं. त्यानं ते झेलायला हात घातला, आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. वर विनापरवाना शस्त्राबद्दल तुरुंगवास. दुसरी आपल्याकडची. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, कोलकात्याला निघायच्या गडबडीत, अभिनेते गोविंदा आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. ते हातातून निसटलं, खाली पडलं, आणि गोळी गुडघ्याखाली लागली. ज्या पायांनी अर्ध्या देशाला नाचवलं, त्यातला एक! सुदैवानं ते बरे झाले. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या ताईनं दाजींच्या पुढ्यात नुसता मोबाइल धरला आणि काही न बोलता भाकरी थापायला गेली. नवीन होल्स्टर घ्यायचं मात्र त्याच्या बरंच आधी, सुभेदारसाहेबांनी ती घडी दाखवली त्याच दिवशी ठरलं होतं.

पहिला प्रश्न पोशाखाचा आला. जगातलं प्रत्येक होल्स्टर एक गोष्ट गृहीत धरतं, ती म्हणजे कंबरेचा रुंद, ताठ पट्टा. दाजी लेंगा घालतात. लेंग्याला नाडी असते. अर्धा किलोहून जास्त वजनाचं पिस्तूल आणि भरलेलं मॅगझीन उजव्या बाजूला अडकवलं, की नाडी आपली बाजू सोडते आणि लेंगा एका अंगानं उतरणीला लागतो. मग माणूस उजव्या हातानं रामराम घालतो आणि डाव्या हातानं अब्रू धरून चालतो. त्याहून वाईट म्हणजे नाडीची मोकळी टोकं. पुढाऱ्यांच्या गर्दीत धक्का लागला, पिस्तूल वर-खाली झालं, आणि नाडीचा फास चापाच्या कडीत गेला तर? परदेशी तज्ज्ञ जाकिटाच्या दोरीच्या टोकाला असलेल्या बोंडापासून सावध राहायला सांगतात. तेही चापाच्या कडीत अडकतं. नाडीचा धोका त्यांना ठाऊक नाही, कारण त्यांच्याकडे सरपंच नाहीत.

“लेंग्याखाली पट्टा बांधा,” मी म्हटलं.

“पाव्हणं, पट्टा लेंग्याच्या आत आणि पिस्तूल पट्ट्याच्या आत. मग काढायचं कसं? चोराला म्हणू का, जरा पाठ फिरव?”

शेवटी दाजींनी बाहेर जाताना पँट घालायचं कबूल केलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. गावात बातमी पसरली की दाजी पंचायत समितीला उभे राहणार.

पुण्याला दुकानात गेलो. काउंटरमागच्या माणसानं तीन प्रकार समोर टाकले. एक नायलॉनचं, ‘सगळ्याला बसतं’ असं. ते खरंच सगळ्याला बसतं. त्यात पिस्तूल बसतं, चष्म्याची डबी बसते, अर्धा पाव बसतो. ज्यात सगळं बसतं त्यात काहीच घट्ट बसत नाही, आणि चापाच्या जागी नायलॉन इतकं पातळ, की बाहेरून बोटानं दाबलं तर आतली कडी हाताला लागते. दुसरं ३२ च्या रिव्हॉल्व्हरचं. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची पोटं गोल, दाजींचं पिस्तूल चपटं; ते त्यात पडलं की तळाशी जाऊन बसायचं आणि वर मूठसुद्धा दिसायची नाही. तिसरं मात्र देखणं होतं. कायडेक्स नावाच्या टणक प्लास्टिकचं, गरम करून पिस्तुलावरच दाबून घडवलेलं. पिस्तूल आत गेलं की ‘टक’ असा आवाज येतो, चाप पूर्ण झाकला जातो, तोंड कधीच मिटत नाही, एका हातानं परत घालता येतं. दाजी हरखले.

“हे कुठल्या पिस्तुलाला?”

“ग्लॉक, नऊ एमएम.”

“ते कुठं मिळंल?”

“तुम्हाला नाही मिळणार. नऊ एमएम प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर चालत नाही.”

म्हणजे जे पिस्तूल घेता येत नाही त्याला उत्तम होल्स्टर हजर, आणि जे घरात आहे त्याला काहीच नाही. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. एवढं खिन्न मी त्यांना फक्त बेदाण्याचा भाव ऐकताना पाहिलंय, तेही डाळिंब करायच्या आधी, द्राक्षं होती तेव्हा.

आमच्या भाच्याला, म्हणजे दाजींच्या पोराला, यातलं सगळं येतं. त्याचं शिक्षण रीलवर झालेलं आहे. “मामा, मांडीला बांधायचं घ्या, टॅक्टिकल. आप्पांना भारी दिसंल.” दाजी मांडीला पिस्तूल बांधून निमगावच्या पानमळ्यातून चाललेत, हे चित्र मी डोळ्यांपुढे आणलं आणि लगेच घालवलं. हातात पिस्तूल घेऊन रील टाकणाऱ्या पोरांना पोलीस उचलतात आणि त्यांचं पुढचं रील हात जोडून माफी मागण्याचं असतं, याची भाच्याला आठवण करून दिली. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वेगळी सोय केलेली आहे. तो म्हणाला, “मग पुढं, पोटाजवळ लावा. तिकडं सगळे तसंच लावतात.” पोटाजवळ लावलेलं पिस्तूल काढायला सोपं, हे खरं. पण बसल्यावर त्याची नळी कुणीकडे होते, हे सुभेदारसाहेबांनी भाच्याला कानात सांगितलं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

सुभेदारसाहेबांचा हात फौजेत नऊ एमएमच्या १ ए पिस्तुलावर बसलेला. ते इशापूरच्या कारखान्यातलं, मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर, आणि तेही सिंगल ॲक्शनच. त्यामुळे त्यांचा शब्द चालतो. त्यांनी दाजींना पहिली गोष्ट बजावली, चेंबर रिकामं ठेवायचं. मॅगझीन भरलेलं असू द्या, घोडा उतरवलेला, चेंबरमध्ये गोळी नाही. लागलीच वेळ, तर स्लाइड ओढायला एक क्षण जाईल. “निमगावात अशी कुठली वेळ येणाराय की तो एक क्षण पुरणार नाही?” दाजींनी विचार केला आणि भावकीतल्या कुणाचंच एवढ्या चपळाईचं नाव त्यांना आठवलं नाही.

दुसरी गोष्ट, पिस्तूल आत घालताना घाई करायची नाही. काढताना झालेल्या अपघातांपेक्षा परत घालताना झालेल्या अपघातांचे किस्से त्यांनी जास्त सांगितले. बोट चापाबाहेर सरळ, शर्टाचं टोक बाजूला, नजर होल्स्टरच्या तोंडावर, आणि दुसरा हात लांब. “आत घालायला कुणी बक्षीस देत नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी परीक्षा घेतली. मॅगझीन काढून ताईच्या ताब्यात दिलं, पिस्तूल दोनदा उघडून रिकामं असल्याची खात्री केली, आणि ते पाव बसणारं नायलॉनचं होल्स्टर, जे दाजींनी हट्टानं घेतलंच होतं, दाजींच्या पट्ट्याला अडकवलं. खाली गादी टाकली. परदेशी पुस्तकांत सांगतात की पळा, उडी मारा, होल्स्टर उलटं करून हलवा. सुभेदारसाहेब म्हणाले, “दाजी, आईंच्या पाया पडा.”

दाजी वाकले. पिस्तूल आधी पाया पडलं.

आमच्या भागात होल्स्टरची खरी परीक्षा हीच आहे, आणि ती कुठल्या कंपनीनं घेतल्याचं मला माहीत नाही. एका लग्नात माणूस किती वेळा वाकतो? आजे-सासरे, मावशा, महाराज, कारखान्याचे माजी संचालक. उघड्या तोंडाचं, सैल होल्स्टर असेल तर पहिल्या दोन-तीन नमस्कारांतच आशीर्वादाला उठलेला हात वरच्या वर राहतो. दुसरी परीक्षा पंगतीची. मांडी घातली की कंबरेचा पट्टा पोटात रुततो, मूठ बरगडीत घुसते, आणि दोन पानांच्या मध्ये जी वीतभर जागा असते ती पिस्तूल घेतं. शेजारचा पाहुणा वाढप्याला म्हणतो, “इकडं नको, इकडं त्यांचं सामान आहे.” तिसरी परीक्षा पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यामागची. तिथं भिगवणचे मासे झकास मिळतात आणि संडास देशी पद्धतीचा असतो. पँट सोडल्यावर पट्टा, होल्स्टर आणि पिस्तूल यांचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही नियमात नाही. खुंटीला अडकवलं तर ते तिथंच राहतं आणि माणूस बिल देऊन इंदापूर ओलांडतो. ताबा हा शब्द नियमात घालणाऱ्याला हा प्रसंग माहीत असणार असं मला वाटतं.

शेवटी होल्स्टर इंदापुरातल्या एका चर्मकार काकांनी केलं. त्यांचा हात कोल्हापुरी चपलेवर बसलेला, आणि चामडंही तेच, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. हे चामडं भिजवून ज्या आकारावर दाबावं तो आकार ते वाळल्यावर सोडत नाही. होल्स्टरला नेमकं हेच हवं असतं. क्रोममध्ये कमावलेलं मऊ चामडं दिसायला छान, पण आकार धरत नाही. अडचण एवढीच, की दाबायला पिस्तूल लागणार, आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हवाली ते करता येत नाही. तेव्हा सुताराला घरी बोलावलं. दाजींनी रिकामं पिस्तूल दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि सुतारानं लांबून, मान तिरकी करून टेपनं मापं घेतली. त्यानं बाभळीचं जे पिस्तूल केलं ते इतकं हुबेहूब उतरलं, की ते पिशवीत घेऊन दाजी इंदापूरला निघाले तेव्हा हायवेच्या नाकाबंदीत त्यांना बाजूला घेतलं. दाजींनी परवाना दाखवला. हवालदार परवान्यावरचा नंबर लाकडावर शोधत बसला.

काकांचं काम मी शेजारी बसून बघितलं. रापीनं चामडं कापलं, पाण्यात घातलं, बुडबुडे यायचे थांबल्यावर बाहेर काढलं. लाकडी पिस्तुलाला प्लास्टिक गुंडाळून त्यावर ते चढवलं, आणि शिंगाच्या एका गुळगुळीत तुकड्यानं चापाच्या कडीभोवती घासत राहिले, एवढे की बाहेरून ती कडी उठून दिसायला लागली. “हितं बसलं पायजे,” ते म्हणाले, “बाकी समदं नुस्तं झाकण.” तोंडाला आतून चामड्याची दुसरी पट्टी लावली, आत वळू नये म्हणून. आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवण घातली. वर घोड्यामागून जाणारी बटणाची पट्टी. सावलीत वाळल्यावर सुभेदारसाहेबांनी आत अस्सल पिस्तूल घालून बघितलं, दाजींना सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला लावलं. पिस्तूल हललं नाही. आईंनी मात्र सारखा आशीर्वाद देऊन हात दुखतो म्हणून तक्रार केली.

आता राहिला देव. नीरा-नरसिंहपूर दाजींचं कुलदैवत. दाजी चामड्याचा पट्टासुद्धा देवळात नेत नाहीत, मग हे तर पुरं होल्स्टर. बाहेर चपलांपाशी ठेवायची वस्तू ही नव्हे. गाडीत ठेवावं तर ताबा सुटतो. भाचा म्हणाला, देवळापुरतं नायलॉनचं वापरा. देवापुढं वाकायचं आणि ते नायलॉनचं! नरसिंहानं हिरण्यकशिपू नखांनी फाडला, त्यामुळे कुठलंही शस्त्र कंबरेला लावायचा प्रश्न त्याला कधी आला नाही. दाजींनी ठरवून टाकलं की देवळात जाताना पिस्तूल घरच्या तिजोरीत. तिथून सुरुवात झाली. मग पालखी असली की तिजोरीत, कारण बेलवाडीच्या रिंगणातल्या गर्दीत कशाला जोखीम. मग बँकेत जाताना तिजोरीत. मग पाऊस आहे म्हणून तिजोरीत, नव्या चामड्याला डाग पडतील.

आणि मग आलं २०२४ साल. इंदापूर तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात, ७ मे रोजी मतदान. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायची. कुणाची जमा करायची हे छाननी समिती ठरवते. ज्यांना नोटीस आली त्यांचा पारावर एकदम भाव वाढला. दाजींना नोटीस आली नाही. समितीच्या मते त्यांच्यापासून लोकशाहीला धोका नव्हता. हा अपमान दाजींना सहन झाला नाही, ते आपण होऊन ठाण्यात गेले आणि पिस्तूल जमा करून पावती घेऊन आले. ती पावती बरेच दिवस शर्टाच्या वरच्या खिशात, अर्धी बाहेर दिसेल अशी होती. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला पुन्हा तेच.

तर मे महिन्यात होल्स्टर रिकामं आणि मृग बहराची छाटणी तोंडावर आलेली. दाजींनी छाटणीची कात्री त्यात घालून बघितली. ती मुठीपर्यंत आत गेली, पट्टी वरून नीट बसली. एरवी बागेत दिवसातून चारदा हरवणारी कात्री संध्याकाळपर्यंत कंबरेला होती. पिस्तूल परत आलं तोवर चामड्यानं कात्रीचा आकार घेतला होता. पिस्तूल आत खुळखुळायला लागलं. सुभेदारसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि नवीन करायला सांगितलं. ताई म्हणाली, “अहो, ऱ्हाऊ द्या कात्रीलाच. ती रोज लागती.”

पिस्तूल तिजोरीत आहे. दाजी बाहेर पडताना पँट, पट्टा, पांढरा शर्ट आणि कंबरेला कात्री घेऊनच निघतात. सवय झालीय, म्हणतात. परवा बारामतीत एका पाहुण्याच्या कृषी सेवा केंद्राचं उद्घाटन होतं. बारामती, इंदापूर, दौंड, सगळीकडची मातबर मंडळी जमलेली. दाजी मागच्या रांगेत होते. यजमानानं त्यांच्या कंबरेकडे एकवार बघितलं आणि त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत आणलं. पुढारी आले, हार झाले, फीत ताणून धरली. ताटात कात्री नव्हती. यजमान पोरांवर ओरडायला लागले. दाजी पुढं झाले, म्हणाले, “थांबा, माझ्याकडं हाय,” आणि त्यांनी शर्ट वर करून कंबरेला हात घातला.

पुढाऱ्यासकट सगळा जमाव खुर्च्यांखाली होता. फीत दाजींनीच कापली.